मीठ घातलेला बर्फ

रुचिकाने सकाळपासून तिसरा तांब्या तोंडाला लावला, तेव्हा दिपालीचे हात थांबले. तिच्यासमोर ओल्या बोंबलांचा ढीग होता. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी करायची आणि बांबूंना बांधलेल्या दोरीवर टाकायची. ऊन चढायच्या आत तीन पाट्या संपवायच्या होत्या. आश्विनातलं ऊन, पाऊस गेलेला, वारा पडलेला. अशात बोंबील पाट्यांत राहिले की तासाभरात नरम पडतात.

"बाय, किती पाणी पितंस गो?"

"तान लागलीय."

"आत्ता तर पिलीस."

पोरीने तांब्या उपडा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि घरामागच्या न्हाणीकडे पळाली. नऊ वर्षांची पोर, पण फ्रॉकच्या पाठीत खांद्यांची दोन्ही पाती दिसत होती. दिपालीने दोरीच्या टोकाला बघितलं. तिथे बोंबलांच्या आडोशाला रुचिकाची गोधडी वाळत होती. सासूने, नीराबाईने, पहाटेच ती धुतली होती आणि वाडीतल्या पोरांना दिसू नये म्हणून मुद्दाम आतल्या दोरीवर टाकली होती. हा सलग तिसरा दिवस.

तीन वर्षांपूर्वी अशीच तहान लागली होती पोरीला. तेव्हाच समजलं होतं की तिच्या अंगात इन्शुलीन बनत नाही. आता जन्मभर सकाळ-संध्याकाळ सुई. पण सुई चालू झाल्यापासून तहान गेली होती, पोर बाळसं धरायला लागली होती. मग आता काय झालं?

हात धुऊन दिपाली घरात आली. बोंबलाचा वास हाताला राहतोच, म्हणून तिने राखेने पुन्हा एकदा बोटं घासली. कोपऱ्यात थर्माकोलची पेटी होती. नीराबाईची मासळी विकायची पेटी. झाकण काढल्यावर गार वाफ तोंडावर आली. बर्फाच्या चुऱ्यात खोचलेला स्टीलचा डबा तिने ओढून काढला. डबा हाताला चिकटला. आत सरकारी दवाखान्यातून आणलेल्या चार बाटल्या होत्या.

आतलं औषध पातळ होईपर्यंत बाटली दोन्ही तळव्यांत घोळवली. औषध दुधासारखं एकजीव व्हायला हवं. झालंही तसं, पण काचेला आतून पांढरे बारीक कण लागलेले होते. नवीन माल असेल, तिला वाटलं.

"आज कोनाचा?"

रुचिकाने विचार केला. डावा पाय बाबांचा, उजवा आईचा, पोट आजीचं. ही वाटणी तिनेच केली होती, पहिल्या वर्षी, सुईला रडायची तेव्हा. "बाबांचा," ती म्हणाली आणि डावी मांडी पुढे केली. दिपालीने चिमटीत कातडी धरली. चिमटीत पूर्वीइतकं मांस आलं नाही.

तेवढ्यात नीराबाई बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर घेऊन आली. साठी ओलांडलेली, गुडघे फुगलेले, पण मान ताठ. लादी तिने ओट्यावर टाकली आणि लाकडी मोगरीने फोडायला घेतली. चुरा दोन्ही हातांनी, उघड्या हातांनी, पेटीत भरला आणि वर मूठभर जाडं मीठ फेकलं.

"आई, हात गारठत न्हाईत तुमचे?"

"चाळीस वर्सं झाली. आता कसला गारठा? मीठ टाकल्यालं बरं. नुसत्या बर्फात सुरमई दुपारपातुर टिकते, मिठाच्या बर्फात सांजपातुर कडक. ह्या औषदाला मी सुरमईपेक्षा जपते." आणि डबा पुन्हा खोल खुपसून ती म्हणाली, "त्या गोदूबाईच्या दारात उबं ऱ्हायची गरज न्हाय आता."

गोदूबाईचं नाव निघालं की दिपाली खाली बघायची. शेजारच्या गोदूबाईच्या फ्रिजमध्ये इतके दिवस बाटली ठेवत होते. सकाळ-संध्याकाळ दार वाजवायचं, आत जायचं, बाटली घ्यायची. गणपतीत गोदूबाईचा भाऊ आला होता तेव्हा ती त्याला मोठ्याने म्हणाली, "आमचा फ्रिज म्हंजे सरकारी दवाखानाच झालाय बघ. लाईटबिल मात्र सरकार भरीत न्हाय." दिपाली बाटली हातात घेऊन उभी होती. घरी येऊन तिने सासूला काहीच सांगितलं नाही, पण भिंतीला कान असतात आणि भिंत तर एकच.

दहा दिवसांपूर्वी दवाखान्यातले औषधं देणारे रामचंद्र साहेब म्हणाले होते, "पुढल्या महिन्यात माल येईल का नाही, भरवसा नाही. पोर लहान आहे, दोन महिन्यांच्या चार बाटल्या एकदम देतो. फ्रिज आहे ना?" दिपालीने मान हलवली होती. नाही म्हटलं असतं तर दिल्या नसत्या, अशी भीती वाटली होती. त्याच संध्याकाळी नीराबाईने पेटी काढली.

*

दुसऱ्या दिवशी रोज बुडवून दिपाली पोरीला घेऊन तालुक्याला गेली. केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग. रुचिका दर दहा मिनिटांनी मुतारी शोधत होती. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोटातून रक्त काढलं, आकडा बघितला आणि तिने पेन खाली ठेवलं.

"चारशे वीस. डोस चुकवता तुम्ही?"

"न्हाय मॅडम. येकबी न्हाय."

"मग गोड खाते."

"न्हाय हो. दिवाळीचं अजून काय केल्यालंच न्हाय घरात."

"ताई, औषध मिळालं तर साखर खाली येते. येत नाही म्हणजे मिळत नाही. फुकट मिळतं म्हणून निष्काळजीपणा करू नका. बाहेर लोक रांगेत आहेत यासाठी."

रांगेतल्या बायका दारातून बघत होत्या. दिपालीने पोरीला जवळ ओढलं. डॉक्टरणीने चार युनिट वाढवून दिले आणि दोन दिवसांनी परत या, उलटी झाली तर लगेच या, असं बजावलं. बाहेर आल्यावर रुचिकाने आईचा पदर ओढला.

"आई, मी गोड न्हाय खाल्लं. शाळंत आयुषच्या वाढदिवसाचं चॉकलेट पन परत दिलं."

"मला म्हाईत हाय, बाय."

"मग सांगितलं का न्हाय तिला?"

चार युनिट वाढवूनही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोर अभ्यासाची वही उघडी ठेवून जमिनीवरच झोपली. श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता. तिचा बाप निकेश त्याच दुपारी होडीवरून आला होता. तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, चार-पाच दिवसांच्या फेऱ्या करायचा. त्याने पोरीच्या तोंडाशी नाक नेलं, मग मोटारसायकल काढली आणि तालुक्याच्या मेडिकलमधून एक बाटली आणली.

"मेडिकलवाल्या हेतलनं दिली. म्हनाली, सरकारी कुठली कंपनी हाय बघा तरी. मी म्हटलं, कंपनी गेली खड्ड्यात."

चारही सरकारी बाटल्या त्याने पेटीतून काढून फळीवर आपटल्या. पेटीत बर्फ नव्हता, नीराबाई सकाळीच सगळा बर्फ मासळीबरोबर बाजारात घेऊन गेली होती. म्हणून नवी बाटली पाण्याच्या मडक्याच्या अंगाला टेकवून, ओल्या फडक्यात ठेवली.

दीड दिवसात पोरीची तहान गेली. गोधडी कोरडी राहिली. तिसऱ्या सकाळी रुचिकाने आपण होऊन भाकरी मागितली, बरोबर भाजलेला बोंबील. नीराबाई चुलीपुढे बसून तिच्याकडे बघत राहिली आणि एकाएकी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पानी देतात मेले गरिबाला," ती म्हणाली. "रंगवल्यालं पानी. फुकटच्या वस्तूला गुन नसतो, ते काय खोटं न्हाय."

ती हे घरात बोलून थांबली नाही. बोंबील सुकवणाऱ्या बायकांत बोलली, बर्फाच्या कारखान्यावर बोलली, लिलावाला उभी राहून बोलली. निकेशच्या मित्राने अर्ज लिहिला: दवाखान्यातलं इन्शुलीन बनावट आहे, पोरगी मरता मरता वाचली. खाली तीस जणांच्या सह्या आणि अंगठे. निकेश अर्ज देऊन आला आणि फेरीला निघून गेला. जाताना त्याची छाती फुगलेली होती. वाडीत पहिल्यांदाच कोणी तरी सरकारला जाब विचारला होता.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. बाटल्या घेऊन या, जबाब द्यायचा आहे.

"मी बी येते," नीराबाई म्हणाली. "तू गप ऱ्हातेस. मी विचारते त्येंला."

*

औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर वाडीतला बुधाजी बसला होता. जुना तांडेल, एके काळी होडीचा प्रमुख. आता डोळे आणि पायाचा अंगठा दोन्ही साखरेने धरलेले, म्हणून किनाऱ्यावर बसून जाळी शिवायचा. पायाला पट्टी होती.

"काका, तुमी इकडं?"

"बाटली न्यायला आलो. तर साहेब म्हनतो, औषदाची पेटी सील हाय. तुमच्या अर्जानं." तो रागावून बोलला नाही. "घरची बाटली सकाळी संपली, उपडी धरून शेवटची सुई वडली. आता बघू."

रामचंद्र साहेबांनी त्यांना आत बोलावलं. खोलीत फडताळं, अर्धी रिकामी. कोपऱ्यातल्या फ्रिजच्या दाराला कागद चिकटवून त्यावर शिक्का मारलेला. साहेबांचं पोट सुटलेलं, शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं.

"आणल्यात?"

दिपालीने चार बाटल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्यांना हात लावायच्या आधीच नीराबाई सुरू झाली.

"आमाला अडानी समजू नका, बाबा. औषदाची हयगय केली असं ती डाक्टरीन बोलली माज्या सुनेला. माज्या घरात औषद देवावानी ठेवलं. फ्रिज काय करल असं ठेवलं! बर्फात. नुसत्या बर्फात न्हाय, मीठ टाकून. चाळीस वर्सं बर्फात हात हाय माजा. रोज दोन येळा बर्फ बदलला."

रामचंद्र साहेबांनी चष्मा सरळ केला. त्यांनी एक बाटली उचलली, तळव्यांत घोळवली, खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग दुसरी. मग चारही बाटल्या ओळीत लावून ते खुर्चीत मागे टेकले.

"आजी, ह्या गोठल्या होत्या."

"व्हय तर. कडक."

"इन्शुलीन गोठलं की मेलं, आजी. मासळी टिकते, हे मरतं. एकदा गोठलं की परत वितळलं तरी उपयोग नाही. हे बघा, काचेला दाणे धरलेत." त्यांचा आवाज उलट खाली गेला. "आणि ती मेडिकलची? ती कुठं ठेवलीत?"

"मडक्याच्या बाजूला," दिपाली म्हणाली.

त्यांनी मान डोलवली. पंखा फिरत होता. नीराबाईने टेबलाची कड धरली होती. तिच्या बोटांची पेरं सुजून पांढरी पडलेली, नखं आखूड, चिरलेली. तिने त्या हातांकडे बघितलं आणि ते पदराखाली घेतले.

रामचंद्र साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "जबाब लिहून द्यायचाय. आधी ऐका. एकच पेटी आहे. एकोणीस जण तिच्यावर जगतात. मी मागतो चाळीस बाटल्या, येतात बावीस. तक्रार कायम ठेवलीत, तर नमुना तपासायला जाईल. महिना लागेल, दीड महिना लागेल. तोवर हे सील उघडत नाही. पण तक्रार करणाऱ्याला बदली माल द्यावा लागतो, वरूनच येतो. म्हणजे तुमच्या मुलीला मिळेल."

"आणि खरं लिवलं तर?" दिपालीने विचारलं.

"तर सील आत्ता काढतो. पण संगणकात तुमच्या नावावर दोन महिन्यांचं दिलेलं आहे. घरी खराब झालं, यासाठी रकाना नाही त्यात. पुढची तारीख येईपर्यंत मला देता येत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी बाहेर चहा घेऊन येतो. आजी जे बोलल्या ते मी ऐकलं नाही असं समजा. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

ते गेले. पेन कागदावर पडलं होतं.

"बर्फाचं कशाला लिवायला पायजे?" नीराबाई हळू म्हणाली. मघाचा तो आवाज कुठेच नव्हता. "पोरीला मिळतंय ना. मिळू दे."

दिपालीने पेन उचललं. मेडिकलची बाटली निम्मी उरली होती. आठ दिवस, फार तर नऊ. नंतर पुन्हा तो कुजक्या फळाचा वास. खोटं एक ओळीचं होतं, आणि ते बोलावंही लागणार नव्हतं. आधीच लिहिलेलं होतं, तीस सह्यांसकट. तिने नुसतं हो म्हणायचं.

उघड्या दारातून बाक दिसत होता. बुधाजीने पट्टीचा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला होता आणि जवळच्या बाटलीतून पाणी पीत होता. बाटली संपली. त्याने ती उपडी केली, शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि उठून नळ कुठे आहे ते बघायला लागला.

दिपालीने ते बघितलं. असा शेवटचा थेंब कोण घेतं, ते तिला माहीत होतं.

तिने लिहिलं. सातवीपर्यंतचं अक्षर, पण नीट: औषध चांगले होते. आमच्या घरी बर्फात ठेवल्याने गोठले. तक्रार मागे घेत आहे. खाली सही केली. कागद तिने फार वेळ धरून ठेवला नाही, साहेब आत आले तसा सरळ त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. फ्रिजवरचा कागद नखाने उचकटून काढला. मग एक चिठ्ठी लिहिली. "जिल्ह्याच्या दवाखान्यात ही दाखवा. लहान मुलांचं वेगळं येतं त्यांच्याकडे कधी कधी. मिळेलच असं सांगत नाही मी."

"कदी जाऊ?"

"उद्याच जा. आणि परवाही जावं लागेल, असं धरून जा."

*

परतीच्या मिनीडोर रिक्षामध्ये बुधाजी त्यांच्यासमोर बसला. मांडीवर पिशवी, पिशवीत त्याची बाटली. दवाखान्यातलं बोलणं त्याने उघड्या दारातून ऐकलं होतं; गाडीत आणखी चार माणसं होती, तरी तो बोललाच.

"नीरे, सुरमई नि औषद सारकंच वाटलं काय गो तुला?"

गाडीतलं कुणी तरी हसलं. एरवी नीराबाईने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ती बाहेर बघत राहिली. खाडीचा पूल गेला, मिठागरं गेली, मांडव्याचा फाटा गेला.

"मी मडक्यात ठेवतो," बुधाजी थोड्या वेळाने म्हणाला. "मोठं मडकं, त्यात वली वाळू, त्यात लहान मडकं. साहेबानंच शिकवलं. एक जादा हाय माज्याकडं, तुला देतो. वाळू तुजी तू आन."

वाडीजवळ उतरल्यावर नीराबाई दिपालीच्या मागे पडली. गुडघे दुखत असतील म्हणून दिपाली थांबली.

"माजं नाव लिवलंस?"

"न्हाय. घरी गोठलं असं लिवलं."

"म्हातारीनं केलं असं लिवायचं व्हतं."

"घरी म्हंजे घरी, आई."

नीराबाईने मान हलवली. मग ती घराकडे न जाता तशीच वळली, बोंबील सुकवणाऱ्या बायकांकडे. दिपालीने तिला तिथे उभी राहिलेली बघितलं. काय बोलत होती ते वाऱ्याने ऐकू आलं नाही. फक्त बायकांचे हात एकेक करून थांबताना दिसले, आणि गोदूबाई पाटीवरून उठून उभी राहिलेली दिसली. नीराबाईने आपले दोन्ही हात पुढे करून त्यांना दाखवले. मग ती खाली वाळूकडे गेली.

संध्याकाळी ओट्यावर मडक्यात मडकं बसलं. मधल्या फटीत नीराबाईने ओली वाळू दाबून भरली, अगदी चुलीला लिंपण करावं तशी हळुवार. निम्मी उरलेली बाटली आत सोडली. वरून ओलं फडकं. पेटी तिने उलटी करून पडवीत ठेवली होती, उरलेला बर्फ न्हाणीच्या तोंडाशी वितळत होता. सकाळी दिपालीला जिल्ह्याची गाडी पकडायची होती, चिठ्ठी तिने पोरीच्या दप्तरातल्या वहीत जपून ठेवली.

"आई, बघा ना, गार झालंय का?" दिपाली म्हणाली.

नीराबाईने मडक्यात हात घातला. वाळूवर बोटं टेकवून ती थांबली. डोळे मिटून घेतले. मग हात बाहेर काढला.

"तूच बघ, पोरी. माजा हात बर्फानं मेलाय. त्येला थंडी कळत न्हाय. गार हाय का गोठलंय, मला कदी कळलंच न्हाय."

दिपाली पुढे व्हायच्या आत रुचिका आली. तिने फ्रॉकला हात पुसला आणि बारीकसा हात मनगटापर्यंत मडक्यात घातला.

"गार हाय आजी. बर्फावानी न्हाय. सकाळच्या पाण्यावानी."

नीराबाईने तिचा तो हात धरला, वाळू लागलेला, ओला. तो उचलून तिने आपल्या गालाला लावला, आणि किती गार आहे ते बघत ती तशीच बसून राहिली.